पेवातला सूर

हळदीचा हंगाम आला की सांगलीत ते आधी नाकाला कळतं. शिवरात्र मागे पडते, उन्हाला धार चढते आणि मार्केट यार्डाकडून येणाऱ्या माणसांच्या कपड्यांना तो उग्र, मातकट वास यायला लागतो. रिक्षावाल्याच्या मानेवर पिवळं, शेजारच्या पोराच्या स्कूटरच्या सीटवर पिवळं. हळद म्हटली की लोकांना लग्न आठवतं, मांडव आठवतो, चेष्टामस्करी आठवते. मला धास्ती आठवते. या वयातसुद्धा तो वास आला की माझी बोटं आपोआप आखडतात आणि मी कुणाच्या तरी श्वासाचा कानोसा घ्यायला लागते. घरातली माणसं विचारतात, काय झालं? मी म्हणते, काही नाही, हळद आली.

तो हंगाम दुसरी मोठी लढाई संपून माणसं घरी परतत होती तेव्हाचा. तसं बघितलं तर फार काही घडलं नाही. एका माणसाला एक आवाज हवा होता आणि तो तबकडीवर उतरवायचा होता, एवढंच. पण तो माणूस माझा नवरा होता आणि वाजवणारी होते मी. त्यामुळे मला ते 'एवढंच' म्हणता येत नाही.

आमचे हे कोरेगावाकडचे, लष्कराच्या सिग्नल तुकडीत हवालदार. लग्नाला महिना होतो न होतो तोच हे आसामच्या बाजूला गेले ते लढाई संपेपर्यंत. मी साताऱ्याला माहेरी सतार शिकत राहिले आणि नवऱ्याचा चेहरा विसरू नये म्हणून एकुलता एक फोटो बघत राहिले. परतले तेव्हा फोटोतला माणूस आणि दारातला माणूस यांचा मेळ बसेना. वाळलेले, रापलेले, बोलणं तुटक. काखेत एक लांबट काळी पेटी. मला वाटलं, बंदूकच आणली की काय. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, हे पाणी प्यायले, पेटी उघडली आणि इतक्या वर्षांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं: "सतार येती न्हवं तुला? मग ह्ये वाजव."

पेटीत गिटार होती. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची आणि उजव्या हातानं छेडायची, असली. तिला पोकळ पोट नव्हतं. भरीव लाकडाची फळी, तारांखाली एक लोहचुंबक, आणि शेपटासारखी वायर. वीज दिल्याशिवाय ती जवळजवळ मुकीच. एका अमेरिकन सैनिकानं मायदेशी जाताना यांना ती देऊन टाकली होती. यांनी जुन्या रेडिओचे भाग काढून तिच्यासाठी एक पेटी बनवली, तिला कर्णा जोडला, आणि पहिल्यांदा तार छेडली तेव्हा माझी आई स्वयंपाकघरातून बाहेर धावत आली. मांजर कुठं अडकलंय, ते तिला बघायचं होतं.

मी मात्र त्या वाद्यात गुंतले. सतारीत मींड काढायला तार ओढावी लागते, बोटं कापतात. इथे कांडी नुसती सरकवली की सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी वाटेत कुठेही न तुटता जायचा. मला ते आवडलं. यांना आवडेना. मी वाजवायचे, हे डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे. "असं न्हाई. त्यो सूर असा न्हवता."

तो सूर म्हणजे टाकीतला सूर. आसामात तो सैनिक एका रिकाम्या तेलाच्या टाकीत बसून वाजवायचा, म्हणे. "आमी भाईर हुबं ऱ्हायचो," हे सांगत. "टाकीतनं सूर यायचा तवा वाटायचं, लांबनं कुणीतरी आपल्याला वळखलंय." एरवी दिवसाकाठी चार शब्द बोलणारा माणूस हे सांगताना मोकळा व्हायचा. मला भारी राग यायचा त्या टाकीचा. आपला नवरा परत आला खरा, पण तो अजून तिथेच उभा आहे, असं मला वाटायचं. मग मीही हट्टाला पेटले. तो सूर एकदाचा काढून द्यायचा आणि माणूस घरी आणायचा.

काय काय केलं नाही आम्ही! कर्णा रांजणात ठेवून बघितला. सूर सर्दी झाल्यासारखा आला. पाण्याच्या बंबात ठेवला, तर तांबं असं किणकिणलं की आमचं ऐकणं राहिलं बाजूला, शेजारीच भांडायला आले. साताऱ्यात ओळखीच्या विहिरीत दोरानं सोडला. सूर छान घुमला, पण पाण्यावरून थरथरत आला, आणि बेडकांनी मध्येच आपली बाजू मांडली. हे प्रत्येक वेळी पाय मुडपून बसायचे, ऐकायचे, उठायचे. हो म्हणायचे नाहीत. मी त्या 'हो'ची वाट बघत वाजवत राहायचे.

पुढे सांगलीत यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. नेमाण्णा तिथेच भेटले. हरिपूरचे जैन व्यापारी, हळदीची मोठी उलाढाल. पांढरं धोतर, पिवळी नखं आणि आवाज असा की रेडिओ बिघडलाय हे सांगायला त्यांना दुकानात यायची गरज नव्हती, रस्त्यावरूनही चाललं असतं. रेडिओ पोचवायला हे हरिपूरला गेले आणि मला सोबत घेऊन गेले. तेव्हा आम्ही पहिल्यांदा पेव बघितलं.

हरिपूरच्या जमिनीत अशी पेवं शेकड्यांनी होती. वरून बघाल तर एक माणूस जेमतेम उतरेल एवढं भोक आणि त्यावर फरशी. आत उतरत जाल तसं ते रुंद होत जातं आणि खाली चांगली खोली होते. त्यात हळद भरायची, तोंड बंद करून वर माती लोटायची. वर्षानुवर्षं हळद राहते, कीड लागत नाही, कारण आत कीड जगत नाही. माणूसही जगत नाही. बंद पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आतली हवा माणसाला झोपवते आणि उठवत नाही. आधी ते उघडं ठेवायचं, मग कंदील दोरानं खाली सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं, जळत राहिला तर उतरायचं. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, दोराचं टोक वरच्या माणसाच्या हातात, खाली कंदील जळता. आणि आत माणूस असताना पेवाचं तोंड झाकायचं नाही. हे नियम नेमाण्णांनी सांगितले नाहीत. आम्ही नुसतं बघत होतो आणि ते आपोआप कळत होते.

त्या दिवशी एक गडी खाली हळद भरत होता. पोतं भरलं तशी त्यानं साद घातली, "घ्या वर!" बास. एवढे दोन शब्द. पण ते त्या भोकातून वर आले ते गोल होऊन, सावकाश. ते संपले तरी त्यांची शेपूट हवेत राहिली. मी यांच्याकडे बघितलं. यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता.

"नेमाण्णा," हे हळूच म्हणाले, "रिकामं पेव हाय का एखादं?"

त्याच सुमारास मुंबईची एक लहानशी ध्वनिमुद्रण कंपनी सांगलीत आली होती. नाव आता कुणाला ठाऊक असणार, कंपनीच लवकर बुडाली. त्यांना शांत जागा हवी होती. नेमाण्णांनी आपली हरिपूरची वखार दिली. जाड भिंती आणि भिंतींना छतापर्यंत हळदीची पोती. त्या वखारीत टाळी वाजवली तर टाळीचा आवाज तिथल्या तिथे पडायचा. कंपनीचे ध्वनिमुद्रक देसाई खूश झाले. भजनी मंडळं झाली, एक शाहीर झाला, गाणाऱ्या बायका झाल्या. यांनी देसायांच्या बिघडलेल्या बॅटऱ्या नीट करून दिल्या आणि त्याच्या मोबदल्यात तबकडीची एक बाजू मागून घेतली. दुपारचा सारंग, नुसती विजेची गिटार, तबलासुद्धा नको.

मी वखारीत बसून वाजवलं आणि देसायांनी कानावरचे हेडफोन काढून ठेवले. माणूस सज्जन होता, पण गुळमुळीत बोलणं त्याला माहीत नव्हतं.

"बाई, हात तुमचा फार चांगला आहे. पण हा आवाज म्हणजे पत्र्यावर ओढलेली तार. या खोलीत तो आणखी कोरडा होतोय. लोक अर्ध्यात तबकडी काढतील. बाजाच्या पेटीवर सारंग वाजवता का?"

"पेटी न्हाई," हे म्हणाले. "उद्या दुपारपातूर थांबा. सूर देतो."

"उद्या दुपारनंतर आम्ही गाशा गुंडाळणार. आणि उकाड्यानं मेणाच्या तबकड्या मऊ पडतायत. धड अशा थोड्याच उरल्या आहेत."

"थोड्या बास हायत."

आता मेणाच्या तबकड्या कुणाला माहीत नसणार. तेव्हा टेप नव्हती. जाड मेणाच्या तबकडीवर सुई आवाज कोरत जायची. चुकलं की ती तबकडी वाया. मग तिचा पृष्ठभाग तासून पुन्हा गुळगुळीत करायचा, पण ते काम मुंबईला. बरं, जे कोरलं ते ऐकूनही बघता यायचं नाही. मेण इतकं मऊ की वाजवायला सुई टेकवली की ती कोरलेलं खरवडून टाकायची. म्हणून चांगली तबकडी न ऐकताच डब्यात बंद करून कारखान्याला धाडायची. फुकट गेलेली तेवढी ऐकून बघायची मुभा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नेमाण्णांनी वखारीमागचं रिकामं पेव उघडून ठेवलं. उन्हं चढल्यावर कंदील सोडला. मी वाकून बघत होते. तो खाली गेला, जरा काजळला, ज्योत आत ओढल्यासारखी झाली आणि मग उभी राहिली. नेमाण्णा बराच वेळ बघत राहिले. "बरं हाय," ते म्हणाले, पण जरा सावकाशच म्हणाले.

कर्णा खाली सोडला, माइक दोराला टांगला, वायरी वखारीपर्यंत आणल्या. मी वखारीत गिटार घेऊन बसले. यांनी माझ्या कानावर लष्करी हेडफोन चढवला, म्हणजे पेवातला आवाज मला ऐकू यावा आणि मी त्याच्या चालीनं वाजवावं. मी पहिला सूर लावला.

कसं सांगू? त्या सुराला कोपरे नव्हते. मी इथे तार छेडत होते आणि तो तिथे जमिनीखाली उमलत होता, थांबत होता, माझ्या पुढच्या सुराची वाट बघत होता. त्यात एक खरखर होती, गाणाऱ्याचा घसा तापल्यावर येते तसली. देसायांनी स्वतःचा हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. आणि हे दारात उभे होते. ते म्हणाले, "ह्यो."

एवढ्यात कर्णा किंचाळला. माइक दोरावर फिरून कर्ण्याकडे तोंड करत होता आणि दोघांची एकमेकांत शिट्टी लागत होती. खुंटीला बांधला, काठीला बांधला, तरी तेच. सूर चढेल तसा माइक वळवत राहायला हात हवा होता. म्हणजे खाली माणूस हवा होता.

"मी जातो," हे म्हणाले. कुणी विचारलंच नव्हतं.

पहिल्या खेपेला सगळं रीतीप्रमाणे. कमरेला दोर, दोराचं टोक नेमाण्णांच्या हातात, खाली कंदील. मी वाजवायला लागले. शिट्टी गेली. पण खर्जातला सूर आला की कंदिलाची काच थरथरायची आणि एक बारीक किणकिण तबकडीवर जायची. देसाई म्हणाले, कंदील नको. नेमाण्णा म्हणाले, कंदिलाबिगर कसं? खालून यांचा आवाज आला, "घ्या वर कंदील. दिसतंय मला." काय दिसत होतं देव जाणे. कंदील वर आला.

सूर आणखी निवळला. मग बाहेरून गाड्या यायला लागल्या. हंगामच तो, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, हमालांची ओरड, सगळं त्या भोकातून आत पडून पुन्हा माइकात. आणखी एक तबकडी गेली. देसाई म्हणाले, तोंड झाकायला हवं.

"न्हाई जमायचं!" नेमाण्णांनी दोर मनगटाला गुंडाळला. "मानूस आत असताना तोंड झाकत्यात व्हय? आवं सायेब, आमच्यात मेल्यालं मांजर आत असलं तरी झाकत न्हाईत."

"नेमाण्णा, झाका," खालून आलं. "गोधड्या टाका नुसत्या. सारंग त्यो केवढा, चा उकळायच्या आत सपतोय."

नेमाण्णांनी माझ्याकडे बघितलं. "वैनी, तुमी सांगा त्यास्नी."

मी काय सांगणार? मला तो सूर ऐकू आला होता. यांचा 'ह्यो' ऐकू आला होता, ज्याच्यासाठी मी रांजणापासून विहिरीपर्यंत वाजवत आले होते. नको म्हणावंसं वाटत होतं आणि वाजवावंसंही वाटत होतं, दोन्ही सारख्याच जोरानं. मी म्हटलं, "लवकर उरकू." गोधड्या पडल्या.

मग दोर. ताणलेला दोर हलला की माइकाला घासायचा. देसायांनी तो ढिला सोडायला लावला. नेमाण्णांच्या हातात आता दोर होता, पण त्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस कसा आहे हे त्यातून कळत नव्हतं. त्यांचं तोंड इतकंसं झालं होतं.

पुढच्या आयुष्यात मी अनेकदा विचार केला. त्या दुपारी आम्ही सुरात भर काहीच घातली नाही, नुसतं एकेक काढत गेलो. कंदील काढला, आभाळ काढलं, दोर काढला, आणि दर वेळी सूर आणखी देखणा झाला. म्हणून थांबायचं कुठे ते कुणाला कळेना. आजकालच्या पोरांच्या गिटारीला पायानं दाबायच्या डब्या असतात. आमच्या गल्लीतला एकजण दाखवायला आला होता, आजी ही दाबली की गुहेतला आवाज. ऐकला मी. चांगला होता. त्याला म्हटलं, यात कुणाला उतरावं लागत नाही हे फार बरं झालं. तो हसला. पेवंही आता फारशी उरली नाहीत, महापुराचं पाणी शिरलं आणि बहुतेक खचली.

तर इतकं सगळं काढल्यावर मला त्या पेवातली एकच खूण उरली होती. श्वास. माइक यांच्या हातात, तोंडाजवळ. सुरांच्या खाली मला तो हेडफोनमधून ऐकू यायचा. आत, बाहेर, आत, बाहेर. नाकात हळद गेल्यामुळे जरा घरघरणारा. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण यांचा श्वास मी इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता. त्या घरघरीचा हात धरूनच मी वाजवत होते म्हणा ना.

शेवटची चांगली तबकडी यंत्रावर चढली. देसाई उठून एकदा पेवापाशी जाऊन काही बोलून आले, मला वाटलं तयारी विचारायला गेले असतील. परत आले, हात वर केला, खाली आणला. सुई मेणावर टेकली.

मी सुरुवात केली. आरंभीचे स्वर संथ, एकेकटे. प्रत्येकाला त्या अंधारात फिरून यायला वेळ देत होते. श्वास ऐकू येत होता. मग जोडी-जोडीनं स्वर. मेणाची बारीक वेटोळी सुईपासून सुटत होती. देसाई त्यांच्याकडे बघत होते, मी कुणाकडेच नाही. इतकं चांगलं मी कधी वाजवलं नव्हतं, पुढेही कधी वाजवलं नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. हात माझा होता, पण वाजवून घेत होतं ते पेव. निम्मा सारंग झाला असेल. कांडी निषादावरून षड्जाकडे निघाली.

आणि श्वास थांबला.

आत गेलेला होता. बाहेर आला नाही. सुराच्या खाली एकदम काहीच नव्हतं, नुसती पोकळी. मला कंदिलाची ती आत ओढली गेलेली ज्योत दिसली. नेमाण्णांचं 'बरं हाय' ऐकू आलं. किती वेळ मी तशी वाजवत होते कोण जाणे, मला तो फार फार वेळ वाटला. मग माझा हात तारांवर थाडकन पडला आणि मी ओरडले.

काय ओरडले ते मला तेव्हा समजलं नाही. बाहेर नेमाण्णांना माझी किंकाळी ऐकू गेली, त्यांनी गोधड्या भिरकावल्या आणि दोन हमालांना हाक मारून दोर ओढायला लागले. मी गिटार टाकून धावले. वायरीत पाय अडकून पडले, उठले. गुडघा फुटला तो नंतर कळला.

त्या भोकातून आधी एक पिवळा हात आला, मग डोकं. केस पिवळे, भुवया पिवळ्या, पापण्या पिवळ्या. आणि डोळे संतापानं लाल.

"का थांबलीस?" हे गरजले. "आगं, निम्म्याच्या वर झालं हुतं! का थांबलीस?"

"श्वास थांबला तुमचा!"

"थांबला न्हाई, धरला हुता! सायबांनीच सांगितलं, श्वास तबकडीत येतोय म्हनून. आवाज येऊ ने म्हनून दाबून धरला हुता मी!"

मागोमाग धावत आलेल्या देसायांकडे मी वळले. त्यांनी मान खाली घातली. "बाई, तुम्हाला सांगायचं राहून गेलं."

राहून गेलं! माझ्या हातात अजून ती पोलादी कांडी होती. ती मी फेकली. कुणावर फेकली ते आजही सांगता यायचं नाही, साहेबांवर, पेवावर की नवऱ्यावर. ती वखारीच्या उंबऱ्यावर आपटली. मग मी तिथेच धुळीत बसले आणि मोठ्यानं रडले, हमालांच्या देखत. यांना काय करावं कळेना. त्यांनी आपला पिवळा हात माझ्या डोक्यावर ठेवायला पुढे केला आणि माणसं बघतायत म्हणून मागे घेतला.

सामान आवरायला घेतलं. सूर मिळाला होता आणि गेला होता, नवी तबकडी नव्हती, कंपनी पुन्हा येणार नव्हती. वायरी गुंडाळता गुंडाळता हे एकदम म्हणाले, "सायेब, ती फुकट गेल्याली तेवढी लावून दावता का?"

देसायांनी शेवटची तबकडी पुन्हा यंत्रावर ठेवली. नेमाण्णा, हे, मी आणि ते, असे चौघे त्या पोत्यांमध्ये उभे राहिलो.

सूर आला. यंत्राच्या भोंग्यातून, वखारीतल्या मेलेल्या हवेत, आणि तरीही पेवाएवढा. खरखर, गोलाई, शेपूट, सगळं होतं. यांनी डोळे मिटले. सुराखालून यांचाच श्वास येत होता, आत, बाहेर. मी उंबऱ्याकडे बघत राहिले, मला ते क्षण पुन्हा नको होते. मग निषाद निघाला आणि श्वास थांबला. मी मनात म्हटलं, आता बराच वेळ.

वेळ नव्हताच. निषाद षड्जाला पोचलासुद्धा नाही. मध्येच थाडकन हात पडला आणि लगोलग, सगळ्या तारांच्या कल्लोळावर, गोधड्यांतून पेवात पोचलेला माझा आवाज आला: "बळवंत!"

नवऱ्याचं नाव! उखाण्याशिवाय, अहोजाहोशिवाय, गावातल्या कुणा गड्याला हाक मारावी तसं. आमच्या वेळी बाई मेली असती पण चारचौघांत ते नाव उच्चारलं नसतं. नेमाण्णा खोकले आणि पोती मोजायला लागले. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. मी पदर तोंडाशी धरला आणि यांच्याकडे बघायची छाती झाली नाही.

"परत लावा," हे म्हणाले.

"दुसऱ्यांदा नाही लागत हो हे," देसाई म्हणाले. "मेण आहे, घासून गेलं. सूर राहिला नसेल त्यात."

"लावा की. आसंल त्ये आसंल."

त्यांनी सुई टेकवली. खरंच सूर राहिला नव्हता. नुसती सरसर येत होती, वाळू ओतल्यासारखी. गोलाई गेली होती, शेपूट गेली होती, श्वास तर केव्हाच पुसला होता. हे पुढे वाकून भोंग्याला कान लावून उभे होते. सरसर चालली होती, चालली होती. मग एक धक्का बसला आणि त्या सगळ्या खरवडीतून लांबून, पण स्वच्छ, माझा आवाज आला: "बळवंत!"

हे वळले. पिवळ्या गालांवरून पाण्याची ओघळ खाली आली होती आणि तिच्यामागे रापलेली कातडी दिसत होती. सूर गेला होता, आणि त्याबद्दल हा माणूस चकार शब्द बोलत नव्हता.

"साहेब," मी म्हटलं, "तिसऱ्यांदा लावू नका."

"नगं," हेही म्हणाले. "आता मला तोंडपाठ झालं."